ब्रशच्या दुकानाची मालकीण मी नव्हे

नाव : ओळखपत्रावर आहे तेच. ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे. गल्लीत सगळे आजी म्हणतात.
वय : ओळखपत्राप्रमाणे पंचाहत्तर. माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे शहात्तर. ओळखपत्र तिने बनवलेले नाही.
शिक्षण : नाही.
व्यवसाय : नोकरी. (हवालदारांनी आधी 'घरकाम' लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.)
राहणार : बाजाराच्या मागची गल्ली, लोखंडी जिन्याचे घर, दुसरा मजला.

आज तेरा तारखेला, मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी स्वतःच्या पायांनी ठाण्यात हजर झाले आहे. मी तोंडाने सांगते आणि हवालदार लिहितात. मला कोणी धाक घातलेला नाही. या वयात मला धाक घालायला पुष्कळ धाडस लागते. तरी नियमाप्रमाणे लिहावे लागते असे हवालदार म्हणाले, म्हणून लिहिले आहे. तर सांगते ते असे.

माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एका चष्मेवाल्याचा गाळा आहे. तो दोन वर्षे बंद होता. अकरा महिन्यांपूर्वी एका परदेशी मुलीने तो भाड्याने घेऊन तिथे हाताने बनवलेल्या ब्रशचे दुकान काढले. तिचे पासपोर्टवरचे नाव लिहिताना हवालदारांनी तीन वेळा खाडाखोड केली. चौथ्या वेळी त्यांनी पासपोर्टच मागून घेतला आणि नंबर लिहिला. ती फार उंच असल्यामुळे गल्ली तिला शिडी म्हणते. तिला हे माहीत आहे. कोणाचे काही माळ्यावर अडकले की लोक तिलाच हाक मारतात आणि ती येते, त्यामुळे नाव फुकट गेलेले नाही. या जबाबात तिला शिडीच म्हटले आहे. तिची हरकत नाही, बाहेर बाकावर बसली आहे, विचारून घ्यावे.

शिडी बुटांचे, कोटांचे, बाटल्यांचे, बेकरीतले पीठ झाडायचे, असे सगळे ब्रश बनवते. लाकडी ठोकळ्याला भोके पाडायची, राठ केसांचा झुबका मधोमध दुमडायचा, तारेचा फास घालून तो भोकातून ओढून घ्यायचा, असे काम असते. एका बुटाच्या ब्रशला एकशे आठ भोके. मग वरून कात्री चालवून सगळे एका उंचीचे करायचे. ही विद्या तिला तिच्या आत्याने दिली. आत्याचा कारखाना मोठ्या कारखान्यांनी गिळला, म्हणून ती इतक्या लांब आली.

दुकान उघडले त्या दिवशी मी खाली उतरले ते बघायला. दुसऱ्या दिवशी चुका काढायला. तिसऱ्या दिवशी तिने मला स्टूल दिले. माणूस रोज उभे राहून चुका काढणार असेल तर त्याला स्टूल देणे बरे, एवढी अक्कल तिला होती.

ती प्रत्येक झुबका छोट्या तराजूत टाकून बघायची. केस जास्त झाले तर भोकात शिरत नाहीत, कमी झाले तर आठवड्यात गळतात. एक ब्रश व्हायला सकाळची दुपार व्हायची. मी म्हटले, "अगं, मीठ काय तोलून टाकतेस का आमटीत?" आणि तिच्या पेटीतून चिमूट उचलून दिली. तिने ती तराजूत टाकली. काटा बरोबर मध्ये. तिने मला आणखी एक उचलायला लावली. तिच्या मोजणीने तीस चिमटी उचलून दिल्या, काटा हलला नाही. मी मोजत नाही. मला वीसच्या पुढे मोजता येतही नाही. चिमूट भरली की बोटांना कळते.

त्यावर शिडी म्हणाली, "आजी, नोकरी करतेस का?"

मला आजवर लोकांनी पुष्कळ विचारले आहे. जेवण झाले का, किल्ली कुठे ठेवली, अजून कसे झाले नाही. नोकरी करतेस का हे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, विचार करून सांगते. जिना चढेपर्यंत विचार केला आणि गॅलरीतून वाकून हो म्हणून सांगितले. त्या दिवसापासून, म्हणजे नऊ महिने, मी तिच्याकडे कामाला आहे. दुपारी बारा ते पाच. रविवारी सुट्टी. हजेरीपुस्तकात रोज माझा अंगठा आहे. पगार किती हे हवालदारांनी विचारले. तो पुस्तकात लिहिला आहे, त्यांनी तिथे वाचावा. दार लोटले आहे, पण माझा मुलगा बाहेर बसला आहे आणि पैशाचा आकडा त्याला भिंतीतूनही ऐकू येतो, म्हणून मी तोंडाने सांगत नाही.

आता माझ्या मुलाविषयी. वय छप्पन्न. त्याचे ऑफिस दोन वर्षांपूर्वी बंद झाले. तेव्हापासून घरी आहे. सकाळी लाल पेन घेऊन वर्तमानपत्र वाचतो आणि छपाईच्या चुकांना गोल करतो. दुपारी ते वर्तमानपत्र सुनेला दाखवतो. सून म्हणते, "छान." एवढाच त्याचा दिवस. स्वभावाने गरीब आहे, पण लोक काय म्हणतील हे त्याला लोकांच्या आधी ऐकू येते. मी नोकरीचे नुसते तोंडातल्या तोंडात काढले तर म्हणाला, "आई, तू दुसऱ्याच्या दुकानात कामाला? या वयात? लोक म्हणतील मुलगा पोसत नाही."

तेव्हा मी त्याला सांगितले की दुकान माझेच आहे आणि ती मुलगी माझ्या हाताखाली शिकते. हे मी खोटे सांगितले. भांडवल कुठून आले असे त्याने विचारले. मी म्हटले, बायकांना असल्या गोष्टी विचारू नयेत. त्याला ते पटले. सुनेला पटले नसावे, पण तिने दुपारचा चहा तेव्हापासून खाली दुकानात पाठवायला सुरुवात केली, दोन कप.

घरी एक आणि गल्लीत एक असे सांगता येत नाही, लक्षात राहत नाही. म्हणून गल्लीलाही तेच सांगितले. मी गल्ल्यावर बसू लागले. शिडी मागच्या खोलीत. गिऱ्हाईक आले की "मालकीणबाई, थोडं कमी करा" म्हणायचे आणि मी करायची नाही. शिडीला घासाघीस करता येत नव्हती. कोणी जास्त म्हटले की ती लाल व्हायची आणि दोन ब्रश देऊन टाकायची. त्यामुळे माझे मालकीण असणे तिलाही सोयीचे होते. ती हसायची. मागच्या खोलीत मी पाच मिनिटे उशिरा आले की म्हणायची, "या मालकीणबाई, पायांना मेंदी लावली होती का?" हे बोलणे तिने माझ्याकडूनच उचलले आहे. तिने आपली भाषा वर्गात जाऊन शिकलेली नाही, माझ्या स्टुलाशेजारी बसून शिकली आहे. वय अठ्ठावीस आणि बोलते सासूसारखी. मागे परदेशी लोकांच्या नोंदणी कार्यालयात रांगेत मध्ये घुसणाऱ्या एका साहेबांना ती म्हणाली होती, "मेल्या, आम्ही काय इथे हवा खायला उभ्या आहोत का?" ते त्या कार्यालयाचे मुख्य निघाले. त्याबद्दल मी इथे तिच्या वतीने माफी मागते. शब्द माझे होते.

मागच्या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी सव्वातीन वाजता, शिडी ठोकळे आणायला सुताराकडे गेली होती. मी गल्ल्यावर एकटी होते. दोन माणसे आली. एकाकडे फाईल, दुसऱ्याकडे कॅमेरा. व्हिसाच्या तपासणीसाठी आलो असे त्यांनी सांगितले. म्हणजे ते कोण होते हे मला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. माहीत होते.

फाईलवाल्यांनी विचारले, "हे दुकान कोणाचं?"

मी म्हटले, "माझं."

"आणि ती परदेशी बाई?"

"ती माझ्या हाताखाली काम करते. बरी करते. अजून शिकायची आहे."

त्यांनी मला दोनदा विचारले. मी दोनदा तेच सांगितले. परक्या पोरीच्या मागे इथले कोणीतरी वडीलधारे उभे आहे असे दिसले तर तिचे काम सोपे होईल, असे मला वाटले. हे खरे आहे. पण निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे असे की सरकारी माणूस समोर उभा राहून मला 'तुमचं दुकान' म्हणत होता आणि ते मला गोड लागत होते. हवालदारांनी हे वाक्य लिहायचे की नाही असे विचारले. लिहा म्हटले.

त्यांनी कागद लिहून पुढे केला. वाचून दाखवू का म्हणाले. मी म्हटले, "कशाला वेळ घालवता, तुम्हाला बाकीची दुकानं असतील." आणि अंगठा दिला. त्यांना मी पाणीही दिले, तेही आनंदाने गेले.

या महिन्याच्या दोन तारखेला शिडीला व्हिसाच्या कार्यालयाचे पत्र आले, सोबत तिच्या भाषेतली प्रत होती. तिने ते उभ्याने वाचले, मग बसून वाचले. मी विचारले, काय आहे. ती म्हणाली, "काही नाही गं, कागद आहे." मग तिने गळलेला एक जुना ब्रश घेतला आणि त्यातले चांगले झुबके उपटायला लागली. तेव्हा मी गाळ्याच्या मालकाला, त्या चष्मेवाल्याला, बोलावले आणि त्याच्याकडून पत्र वाचून घेतले. त्यात माझेच बोलणे होते. दुकान स्थानिक वृद्ध महिलेच्या मालकीचे असून परदेशी महिला तिच्याकडे नोकरी करते, सबब स्वतःचा व्यवसाय काढण्यासाठी दिलेला व्हिसा रद्द का करू नये, पंधरा दिवसांत कळवावे, चौकशी स्थानिक पोलीस ठाण्यामार्फत होईल. माझे बोलणे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी वाचून दाखवले. ऐकायला बरे वाटले नाही.

पाच तारखेला मी, शिडी आणि माझा मुलगा असे तिघे व्हिसाचे काम करणाऱ्या एका वकिलांकडे गेलो. मुलगा आला कारण त्याच्या समजुतीप्रमाणे त्याच्या आईच्या दुकानातल्या नोकराणीची अडचण होती. वकील भरभर बोलत होते. मी म्हटले, मला वाचता येत नाही आणि तुमचे बोलणेही वाचल्यासारखेच आहे, तेव्हा वस्तू मांडून सांगा. त्यांनी टेबलावरच्या वस्तू ओळीने मांडल्या.

पेपरवेट ठेवले. म्हणाले, "हा एक रस्ता. परदेशी माणसाने मोठं भांडवल आणायचं. पैसा जड असेल तर व्हिसा जागचा हलत नाही." मग टेबलदिवा पुढे ओढला. "हा दुसरा. कोणी केलं नाही असं काही नवं काढायचं आणि मोठ्या संस्थेने ते नवं आहे म्हणून लिहून द्यायचं." मग पेन्सिलीचा एक तुकडा. "हा तिसरा, सगळ्यात लहान. स्वतःच्या हातचं कसब, स्वतःचं दुकान. पैसा थोडा चालतो. पण दुकान खरोखर स्वतःचं हवं, दुसऱ्याकडे नोकरी करायची नाही, आणि वर्षाच्या आत इथल्या दोन माणसांना पगारावर ठेवायचं. या बाई या रस्त्याने आल्या आहेत." शेवटी स्टेपलर ठेवला. "आणि हा नोकरीचा व्हिसा. इथला मालक अर्ज करतो. सोपा असतो. फक्त माणूस त्या मालकाला टाचलेला राहतो. मालक बदलला, काढून टाकलं, मालक गेला, की व्हिसाही गेला."

मालक गेला म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितले. मी त्यांच्या कॅलेंडरकडे बघितले.

मग त्यांनी पेन्सिलीचा तुकडा उचलला आणि स्टेपलरखाली ठेवला. "यात भांडायला जाऊच नका. आजींनी आधीच लिहून दिलंय की दुकान त्यांचं. ते तसंच राहू द्या. दुकान कागदोपत्री आजींच्या नावावर करू, आजी मालकीण म्हणून अर्ज करतील, या बाई नोकरीच्या व्हिसावर राहतील. जे आहे तेच कागदावर येईल."

माझा मुलगा म्हणाला, "मग प्रश्नच मिटला."

शिडीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "चालेल. आजीच्या हाताखाली मी तशीही आहेच." ती हसून म्हणाली. मी मान हलवली. मी तिथे काहीही बोलले नाही, हे नोंदवून घ्यावे. दुकान फुकटात माझे होत होते आणि मला फक्त गप्प बसायचे होते. मला गप्प बसणे जमत नाही हे गल्लीत कोणालाही विचारा, त्या दिवशी बरोबर जमले.

काल, बारा तारखेला, मी नेहमीप्रमाणे बाराला कामावर गेले. शिडी स्टुलाशिवायच वर हात करून दुकानाची पाटी काढत होती. ती पाटी तिने स्वतः कोरली आहे, वर तिच्या आत्याचे नाव आहे असे ती म्हणते. तिने पाटी खाली घेतली, पुसली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिल टेकवून मला विचारले, "आजी, तुझं नाव कसं लिहितात? मला काढून दाखव, मी कोरते."

मला सांगता आले नाही. माझे नाव मला बोलता येते. ते दिसते कसे हे मला ठाऊक नाही. ती वाट बघत उभी होती. मला ते ठाऊक असते तर कदाचित मी कोरू दिले असते. हेही लिहून घ्या.

मी तिला म्हटले, "ती पाटी होती तशी वर लाव. आणि बेकरीवाल्याचे बारा ब्रश राहिलेत, ते कोण करणार, तुझी आत्या?" तिने पाटी लावली. मी पाच वाजेपर्यंत काम केले. घरी मुलाला सांगितले की उद्या ठाण्यात जाऊन ठरल्याप्रमाणे जबाब देते. ठरल्याप्रमाणे म्हणजे वकिलाने ठरवल्याप्रमाणे असे त्याने धरले. मी त्याला दुरुस्त केले नाही.

तरी माझे म्हणणे असे की, ब्रशच्या दुकानाची मालकीण मी नव्हे. कधीही नव्हते. दुकान, हत्यारे, ठोकळे, केस, पाटी आणि कल्पना हे सगळे शिडीचे आहे. मी तिथे पगारी नोकर आहे. तपासणीच्या वेळी मी जे सांगितले ते मोठेपणासाठी सांगितले. शिडीने मला तसे सांगायला लावले नव्हते, ती तिथे नव्हतीच. शिक्षा असेल तर ती माझी.

इथे मोठे साहेब आतल्या खोलीतून आले. त्यांनी तपासणीचा कागद आणि हजेरीपुस्तक शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "आजी, या कागदावर तुमचा अंगठा मालकीण म्हणून आहे आणि या पुस्तकात नोकर म्हणून. मी कोणता खरा धरायचा?"

मी म्हटले, "अंगठा एकच आहे साहेब. तोंडं दोन होती."

त्यांनी पुस्तक पानापानाने पाहिले. मधे आठ दिवस अंगठे का नाहीत असे विचारले. तेव्हा मालकिणीने माझ्या कामात चूक काढली होती म्हणून मी रुसून घरी बसले होते, पाच दिवस भरपगारी आणि तीन दिवस बिनपगारी. साहेब म्हणाले, मालक रुसून घरी बसत नाही, हा पुरावा चांगला आहे. तरी नुसत्या तोंडावर नको म्हणून त्यांनी कपाटातून ठाण्याचा बुटाचा ब्रश मागवला. त्याला मधोमध टक्कल पडले होते. शिडीची पेटी बाहेर होती, ती आत आणवली आणि मला म्हणाले, "हा भरून दाखवा."

मी टेबलाशी बसून झुबके काढले. चौदा भोके रिकामी होती, चौदा चिमटी काढून ओळीने मांडल्या. एका शिपायाने आपल्या बोटांनी करून बघितले, त्याची एक चिमूट उंदराच्या शेपटीएवढी आणि दुसरी उंदराएवढी झाली. सगळे हसले. पण पुढचे मला येत नाही. तारेचा फास कुठून घालायचा, मागची फळी न फोडता कशी उघडायची, हे मालकीण करते. नऊ महिने शेजारी बसून मी ते शिकले नाही, कारण मी तेव्हा बोलत असते.

मी शिपायाला म्हटले, "मालकीणबाईंना आत बोलवा."

त्याने दारातून हाक मारली, "मालकीणबाई कोण आहेत? आत या."

बाकावरून कोणीच उठले नाही. माझा मुलगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "त्या आतच आहेत." शिडी आपल्या चपलांकडे बघत बसली होती. तिला त्या नावाने कोणी कधी हाक मारलेलीच नव्हती. मग मीच खुर्चीवरून म्हटले, "अगं ए मालकीणबाई, कान धुवायला टाकलेत का? आत ये, माझं काम अडलंय."

ती उठली. उठताना दाराच्या चौकटीला डोके आपटले. तिने आत येऊन फळी उघडली, तार ओढली, चौदा झुबके बसवले, कात्री चालवली. सात मिनिटे लागली, भिंतीवरच्या घड्याळात शिपायाने पाहिली. तेवढ्या वेळात ती मला दोनदा म्हणाली की चिमूट चांगली आहे, आणि एकदा म्हणाली की इतकं बोलू नकोस, केस उडतात. साहेबांनी तो ब्रश आपल्या बुटावर फिरवला आणि म्हणाले की मालकीण कोण आणि नोकर कोण हे आता आंधळ्यालाही दिसेल, अहवाल आजच पाठवतो.

मात्र जाता जाता ते म्हणाले की व्हिसाचे वर्ष या महिनाअखेरीस संपते आणि पगारावर इथली दोन माणसे दाखवावी लागतील. पुस्तकात एकच अंगठा आहे. दुसरे माणूस कोण? शिडी म्हणाली, "शोधतेय, मिळत नाही." हे खरे आहे. झुबके उचलायला मी आहे, पण दुकानात लिहिणारे कोणी नाही. मला लिहिता येत नाही आणि ती लिहिते ते इथे कोणाला वाचता येत नाही. मागच्या महिन्यात बुटांच्या दुकानात चुकून बाटल्यांचे चाळीस ब्रश गेले. त्यांनी ते परत पाठवले, सोबत इथल्या अक्षरातली चिठ्ठी होती, तीही आम्हा दोघींना वाचता आली नाही. ही अट उरली आहे आणि सतरा दिवस उरले आहेत. याहून मला यात जास्त माहीत नाही. शिडी पेटी घेऊन पुन्हा बाहेर बाकावर जाऊन बसली आहे.

जबाब इथे पूर्ण झाला. हवालदार वाचून दाखवणार होते. मी म्हटले, मागच्या वेळी न वाचता अंगठा दिला, या वेळी वाचल्याशिवाय देणार नाही, आणि माझ्या मुलाचे वाचन चांगले आहे, त्याला बोलवा.

पुरवणी, त्याच दिवशी, बारा वाजून पाच मिनिटे :

मुलाने सगळा जबाब मला उभ्याने मोठ्याने वाचून दाखवला. 'व्यवसाय : नोकरी' या ठिकाणी तो थांबला. हवालदारांना वाटले अक्षर लागत नाही, ते सांगायला गेले. तो म्हणाला, अक्षर लागतंय. पुढे सलग वाचले. गॅलरीतून वाकून हो सांगितले तिथे त्याने चष्मा काढून पुसला आणि पुढचे एक पान चष्म्याशिवायच वाचले, म्हणजे आठवून वाचले की काय कोण जाणे, पण बरोबर वाचले. त्याच्या स्वतःविषयीचा भाग त्याने इतरांच्या भागाइतक्याच मोठ्या आवाजात वाचला. शेवटी खिशातले लाल पेन काढून त्याने हवालदारांच्या दोन चुका दाखवल्या. त्या दुरुस्त केल्या आहेत, समासात त्यांची सही आहे.

मग तो मला म्हणाला, "आई, पगार मलाही सांगणार नाहीस?"

मी म्हटले, "नाही."

तो कागद नीट करत राहिला. ते आधीच नीट होते. मग म्हणाला, "लिहिणारा माणूस पाहिजे म्हणतेस, तो किती वयापर्यंतचा चालेल?"

मी म्हटले, "मला विचारू नकोस. मी नोकर आहे. मालकीणबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत, जे विचारायचं ते तिथे विचार. आणि नीट उभा राहून विचार."

तो बाहेर गेला आहे. दारातून मला दिसतो. शर्ट खोचून उभा आहे, लाल पेन हातात धरले आहे. शिडी बसली आहे, तरी दोघांची उंची सारखीच दिसते. काय बोलतात ते ऐकू येत नाही. ती त्याला काहीतरी विचारते आहे आणि तो बोटांवर मोजत उत्तर देतो आहे, कितीतरी दिवसांत त्याला इतके बोलताना मी पाहिलेला नाही. आता ती हसली. आता तिने पेटी उघडून ती चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली, बुटांच्या दुकानाची, आणि तो ती वाचायला लागला आहे.

वर लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे. ते मला ऐकवले, मला समजले, आणि या वेळी ऐकायला बरे वाटले. कमी काही नाही, जास्त असेल तर ते माझ्या स्वभावाने आहे. अंगठा दिला आहे. हवालदारांनी शाई पुसायला कापड लवकर द्यावे. मी रजा टाकलेली नाही, बाराला कामावर हजर व्हायचे असते आणि बारा वाजून गेले आहेत.